हिरव्या काचेतली म्हैस

जावई दिवाळीला आले ते हातात फरसाणाचा खोका आणि खिशात एक काच घेऊन. काच कसली, तर वेल्डिंगची. वसईकडे लोखंडी गेटं, खिडक्या बनवायच्या एका शेडमध्ये ते कामाला आहेत, तिथली. तळहातात मावेल एवढी, चौकोनी, नुसती बघितली तर काळी आणि उजेडात धरली तर बाटलीसारखी हिरवी. कडा हाताला लागू नये म्हणून भोवती पांढरी चिकटपट्टी. चपला काढायच्या आधीच त्यांनी ती माझ्या नातीच्या हातात दिली. म्हणाले, "घे बाय, तुझं ग्रहण."

नात जव्हारला आश्रमशाळेत शिकते, सातवीला. आईबाप वसईला, ती शाळेत, आणि सुट्टी लागली की माझ्याकडे, मोखाड्याच्या बाजूला आमच्या पाड्यावर. शाळेत असते तेव्हा तिची काळजी बाईंना. माझ्या उंबऱ्याच्या आत आली की मला. त्या साली दिवाळीच्या दुसऱ्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागणार होतं, तेही संध्याकाळी, मावळता मावळता. बाईंनी पोरांना सांगितलं होतं, सांभाळून बघा आणि चित्र काढून आणा. पोरीनं ते फोनवर बापाच्या कानावर घातलं. आणि बापानं ही काच आणली. पोरीचे डोळे आणि सूर्य यांच्या मध्ये आता ही एवढीशी काच राहणार, असं मनात आलं आणि मला काही ते बरं वाटेना.

मी संशयी आहेच, ते काही कुणी नव्यानं सांगायला नको. खोडाळ्याच्या बाजारात नागली मोजायच्या आधी मी काट्याची पारडी हातानं हलवून बघते. मोबाईलमध्ये पाऊस दाखवतात, त्याच्यावरही माझा विश्वास नाही. पोरं हसतात, हसू देत.

मी काच हातात घेतली, उलटीपालटी केली. माझ्या चष्म्याला नंबर आहे, मोतीबिंदूच्या वेळी आत बसवलेल्या भिंगाला नंबर होता. मग हिला असणार.

"हिचा नंबर काय?"

"कोपऱ्यात कोरलेला असतो मामी. हा घासला गेला."

"म्हणजे किती होता?"

"आता किती तो काय लक्षात राहतो. कामाची काच आहे. रोज तोंडासमोर धरतो आम्ही."

"काम लोखंडाचं ना? सूर्याचं कुठं?"

माझी लेक आधीच पुढे आली होती, ती चुलीपासूनच म्हणाली, "आई, आत्ता आलेत ते. आधी चहा तरी पिऊ दे. मग घे उलटतपासणी."

मी विषय सोडला. दिवाळीला आलेल्या जावयाला दारात असं बोलणं बरं दिसत नाही. त्यातून हा माणूस मुलीसाठी एवढं मनानं काही आणतो ते वर्षातून एकदा. बाकी वर्षभर फोनवरच बाप.

रात्री पोरीला जवळ घेऊन निजले तेव्हा हळूच विचारलं, शाळेत कशातून दाखवतात गं सूर्य? ती म्हणाली, "आमच्याकडे कागदाचा चष्मा आहे. त्यातून सूर्य सोडून काहीच दिसत नाही. हात नाही, झाड नाही, दिवासुद्धा नाही. बाईंनी आम्हाला एकेकाला घालायला लावला आणि विचारलं, मी दिसते का? आम्ही म्हटलं नाही. बाई म्हणाल्या, मी दिसले असते तर चष्मा फेकून दिला असता."

"मग तो चष्मा आणायचास ना."

"एकच आहे आजी. बाईंच्या कपाटात. सुट्टीत कसा देतील? ज्यांच्याकडे चष्मा नाही त्यांनी पुठ्ठ्याला सुईनं भोक पाडायचं."

"भोकातून सूर्याकडे बघायचं?" मी उठूनच बसले.

"नाय गं. सूर्याकडे पाठ करायची. भोकातून ऊन पडतं ना खाली, त्यात बघायचं."

ते मला तेव्हा काही पटलं नाही. सूर्याकडे पाठ करून सूर्य कसा दिसेल? पण निदान पाठ तरी आहे, असं म्हणून मी निजले.

दिवाळीच्या दिवशी दुपारी बापलेक शेताकडे गेले. भात पिकलं होतं, कापणीला किती दिवस लागतील ते बघून येतो म्हणाले. काच बापाच्या खिशात. परत आले तर पोरगी डोळे चोळतेय.

"काय झालं डोळ्याला?"

"काही नाय. भाताचं कूस गेलं."

असेल. भाताचं कूस डोळ्यात जातं, माझ्याही जातं. पण बापानं त्याच वेळी पाणी मागितलं, आणि प्यायला तांब्या तोंडाला लावला तो माझ्याकडे न बघता. मी तेव्हाच एक गाठ मनात मारली.

ते दोघं जेवायला बसले. काच फळीवर होती. मी ती उचलली आणि अंगणात आले. भर दुपारचं ऊन. सूर्याकडे बघायची माझी काही छाती झाली नाही, डोळ्यात घातलेलं भिंग सरकारी असलं तरी आता माझंच आहे. मी काच डोळ्यासमोर धरली आणि गोठ्याकडे बघितलं. आधी नुसता काळोख. मग हळूहळू, तळ्याच्या तळाशी काही हलावं तशी, म्हैस दिसायला लागली. हिरवी म्हैस. शिंगं दिसली, शेपटी दिसली, पाठीवर बसलेला बगळासुद्धा दिसला. पलीकडे जावेच्या दोरीवर वाळत घातलेली साडी दिसली. रंग नाही कळला, पण साडी होती.

मी तिथंच उभी राहिले. बाईंच्या चष्म्यातून हात दिसत नाही, आणि या काचेतून म्हशीवरचा बगळा दिसतो. एवढं सगळं जिला अडवता येत नाही ती सूर्याला काय अडवणार?

तरी सणाच्या दिवशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, ग्रहणाच्या दिवशी, चहाच्या वेळी बोलले. पोरगी बाजूला चवळीच्या शेंगा सोलत होती.

"पाव्हणं, त्या काचेतून आमची म्हैस दिसते."

"दिसू दे की," जावई हसले. "म्हशीला कसला त्रास?"

"शाळेच्या चष्म्यातून काही दिसत नाही म्हणे."

"मामी, तुम्हाला आर्क माहीत नाही. वेल्डिंगची ठिणगी नुसत्या डोळ्यांनी बघितली ना, तर दिवसा काही कळत नाही. रात्री कळतं. डोळ्यात वाळू भरल्यासारखी होते, पाणी थांबत नाही, बटाट्याच्या चकत्या ठेवून रात्र काढावी लागते. सगळ्या पोरांना एकदा तरी लागलेलं आहे. मलाही. म्हणजे काच बरी की वाईट ते रात्री कळतं. काल दुपारी मी या काचेतून सूर्याकडे चांगलं टक लावून बघितलं. मुद्दाम, बघूनच घ्यावं म्हणून. आणि रात्री? घोरत होतो की नाही, विचारा तुमच्या लेकीला."

"घोरत होते," लेक म्हणाली. "आणखी काय."

"झालं तर. वाळू नाही, पाणी नाही. काच पास."

क्षणभर मलाही खरं वाटलं. माणूस त्याच कामातला, रोज आगीशी खेळणारा, स्वतःवर बघून सांगतोय. आमच्या पाड्यावरची वेल्डिंगला गेलेली सगळी पोरं हेच म्हणतील. पण त्यांच्या बोलण्यातला एक शब्द मला खटकला.

"तुम्ही बघितलंत. पोरीनं?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "मी बघितलं," ते म्हणाले.

मी विचारलं काय आणि उत्तर मिळालं काय. पोरीकडे बघितलं तर ती एकच शेंग कधीची सोलतेय.

मग मी त्यांना जव्हारच्या दवाखान्यातल्या माणसाची गोष्ट सांगितली. माझ्या मोतीबिंदूच्या वेळची. बाकावर माझ्या शेजारी एक माणूस बसला होता, आपल्याच तालुक्यातला, वयानं माझ्याहून लहान. बोलायला चांगला होता, पण बोलताना बघायचा सारखा माझ्या कानाकडे. माझ्या कानात सोन्याची कुडी. मला वाटलं, याचा डोळा कुडीवर आहे. मी पदर डोक्यावरून ओढून कान झाकला. तर तो म्हणाला, बाई, पदर काढा, मला तुमचं तोंड दिसेनासं झालं. मी उठणारच होते तिथून. मग त्यानं सांगितलं. ज्याच्याकडे सरळ बघावं तेच त्याला दिसत नाही. मधोमध एक डाग आहे, धुरकट, नाण्याएवढा. माझ्या तोंडाकडे बघितलं तर तोंड जातं, म्हणून कानाकडे बघायचं, मग तोंड कडेनं दिसतं. पोरवयात गुरांमागे असताना ग्रहण उघड्या डोळ्यांनी बघितलं होतं त्यानं. मी विचारलं, दुखलं नाही का तेव्हा? तो म्हणाला, "नाय. दुखलं असतं तर मान खाली नसती घातली?"

जावई ऐकत होते. "रात्री पण नाही दुखलं?"

"रात्री नाही, सकाळी नाही, कधीच नाही. आत, डोळ्याच्या मागच्या पडद्यावर दुखायला काही नसतंच, असं डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. आर्क डोळ्याला वरच्या वर लागतो, म्हणून तुम्हाला रात्री कळतो. हे कळत नाही."

ते उठून बाहेर गेले. मी दारातून बघत होते. त्यांनी एक डोळा हातानं झाकला आणि गोठ्याच्या खांबाकडे बघितलं. मग दुसरा झाकला. पुन्हा पहिला. परत आत आले ते काच माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "ठेवा तुमच्याकडे." आवाजात राग होता की आणखी काही, मला कळलं नाही. मी काच नागलीच्या कणगीत खोल दाबून ठेवली, आणि कणगीच्या तोंडावर सूप, सुपावर पाटा.

दुपार कलली तसं पाड्यावर सगळे दारं लोटून बसायला लागले. धाकटी जाऊ परात मागायला आली. तिच्याकडे ग्रहणात परातीत पाणी घालून मुसळ उभं करतात. ग्रहण लागलं की मुसळ आपोआप उभं राहतं आणि सुटलं की पडतं, असं तिची सासू, म्हणजे माझीही सासू, सांगायची.

"बाई, तुमची परात सपाट आहे, ती द्या."

"सपाट आहे म्हणून तर उभं राहतं," मी म्हटलं. "मी एकदा साध्या मंगळवारी उभं करून बघितलंय. संध्याकाळपर्यंत उभं होतं. शेवटी मीच काढलं, कांडायचं होतं म्हणून."

"तुम्ही देवालासुद्धा नंबर विचाराल," जाऊ म्हणाली आणि परात घेऊन गेली.

पोरीनं फरसाणाच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला होता आणि मधोमध सुईनं भोक पाडलं होतं. पण अंगणात जायची तिची तयारी दिसेना. बाप ओट्यावर तोंड फिरवून बसलेला, ती एकदा त्याच्याकडे बघे, एकदा पुठ्ठ्याकडे. आपण पुठ्ठा काढला तर बापाच्या काचेचा अपमान होतो, असं तिला वाटत असावं. मी म्हटलं, चल, मागच्या खोलीत चल, तिथून बघू ऊन कुठवर आलंय.

आमचं पुढचं घर विटांचं झालं, पण मागची खोली अजून कुडाची आहे. कारवीच्या काठ्या, वरून शेणमातीचं लिंपण. पश्चिमेच्या भिंतीचं लिंपण जागोजाग गळलेलं, आणि संध्याकाळचं ऊन त्या भोकांतून आलं की समोरच्या भिंतीवर कवडसे पडतात. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ते बघतेय. रुपयाएवढे, गोल. भोकं मात्र वेडीवाकडी, कुठलंही गोल नाही. वाकड्या भोकातून गोल कवडसा का पडतो, हा संशय मला कधी आला नाही, याचं आता नवल वाटतं.

दार लोटलं. अंधार झाला. आणि भिंतीवर बघते तर सगळ्या कवडशांची एक एक कड गेलेली. सगळ्यांची एकाच बाजूची. कुणी ताटातल्या सगळ्या भाकऱ्यांना एकेक चावा घेऊन ठेवावा तसं.

मला आधी वाटलं बाहेर काहीतरी आडवं आलंय. मी बाहेर जाऊन भिंतीवरून हात फिरवून आले, गवताची काडीसुद्धा नव्हती. आत येऊन एका कवडशापुढे तळहात धरला. माझ्या हातावर सूर्य, चावलेला. हात मागेपुढे केला, कवडसा लहानमोठा झाला, पण चावा तसाच.

"बाबा," पोरीनं हाक मारली, "इकडं या ना. खूप सूर्य आहेत."

जावई आले. लेकही आली, हाताला पीठ तसंच. ऊन जसं उतरत होतं तसे कवडसे भिंतीवर वर वर सरकत होते आणि चावा मोठा होत होता. पोरगी चित्राची वही घेऊन बसली, एका कवडशावर कागद धरून त्याच्या कडेनंच पेन्सिल फिरवायला लागली. आणि तशीच, मान न वर करता, म्हणाली, "इथं पांढरा दिसतो. काचेतून हिरवा होता."

पेन्सिल थांबली.

"कधी बघितलास हिरवा?" मी विचारलं.

तिच्याऐवजी बापच बोलला. "काल शेतावर. मीच दिली मामी. म्हटलं, उद्या गर्दी होईल, आजच बघून ठेव सूर्य कसा दिसतो."

"आणि बाय, तुला तर ठाऊक होतं. बाईंनी सांगितलं होतं, दुसरं काही दिसलं तर फेकून द्यायचं. तुला काचेतून शेत दिसलं नाही?"

"दिसलं," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "पण बाबांनी माझ्यासाठी आणली होती ना."

लेक तशीच पिठाच्या हातानं तिच्याजवळ बसली. मला रागवायचं होतं, पण कुणावर ते सापडेना. मीसुद्धा तर दारातच बोलायचं ते चहा, सण, मान म्हणून दोन दिवस पोटात ठेवलं होतं. मी पोरीला उजेडात आणलं, हनुवटी धरली, तिचा डावा डोळा माझ्या हातानं झाकला.

"माझ्या नाकाकडे बघ. चमकी दिसते?"

"दिसते."

"खडे किती?"

"एक पडलाय. बाकीचे आहेत."

"कडेनं बघून सांगत नाहीस ना?"

"नाय आजी. सरळ बघतेय."

दुसरा डोळा झाकला, पुन्हा तेच. उत्तर बरोबर आलं. पण उत्तर बरोबर येतं म्हणून मी खूश होणारी नव्हे. ती चमकी ती जन्मल्यापासून बघतेय, खडे तिला डोळे मिटूनही सांगता येतील.

सुट्टी संपून शाळा उघडायच्या वेळी मीच तिला घेऊन जव्हारला निघाले. जावयांनी वसईला फोन करून रजा वाढवून घेतली आणि तेही आले. एसटीत घाटाच्या वळणावर त्यांनी एकदाच विचारलं, "तो बाकावरचा माणूस, तो काम काय करायचा?" मी म्हटलं, शेती. ते म्हणाले, "शेती कडेनं बघून होत असेल." आणि खिडकीबाहेर बघायला लागले. वेल्डिंगचा सांधा कडेनं बघून जोडता येतो की नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

दवाखान्यात गर्दी होती. डोळे तपासणारी ताई तरुण होती. नंबर आल्यावर तिनं पोरीला खुर्चीत बसवलं, समोर लांब भिंतीवर अक्षरांचा तक्ता. पोरीनं वरपासून खालपर्यंत धडाधड वाचला.

"ताई," मी म्हटलं, "तक्ता बदला. ही मघापासून त्याच्यासमोर बसलीय. पाठ केला असेल."

"आजी, तुम्ही पोलिसात होता का?" ताई हसत म्हणाली, पण तिनं तक्ता फिरवून पाठीवरचा दुसरा पुढे केला. पोरीनं तोही वाचला, एकेका डोळ्यानं. मग चौकटीचौकटीचा एक कागद धरला आणि विचारलं, मधल्या ठिपक्याकडे बघ, कुठली रेघ वाकडी दिसते? सगळ्या सरळ होत्या. मग डॉक्टरांनी थेंब घालून, दिवा लावून आत बघितलं. म्हणाले, आत्ता काही दिसत नाही, ठीक आहे.

"आत्ता नाही म्हणजे नंतर येईल?"

"तसं नाही हो. पण पुढे कधी डाग दिसला, रेघा वाकड्या वाटल्या, तर लगेच घेऊन या. आणि काच-बिच पुन्हा नको."

मी ते दोनदा सांगायला लावलं, कारण पहिल्यांदा ते लिहिता लिहिता बोलले होते.

एवढं होईपर्यंत जावई दाराशी गेले होते. "मी गाडीची वेळ बघून येतो," ते म्हणाले.

"गाडी मी विचारलीय," मी म्हटलं. "वेळ आहे. ताई, यांचंही बघा. यांनीच जास्त वेळ बघितलंय."

"माझं काय बघायचं, मामी. मला रोजची सवय आहे."

माझ्यासमोर ते आणखी काही बोलले असते, पण पोरगी खुर्चीतून उठली. थेंबांनी तिच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, उजेडाला डोळे बारीक करत ती दाराशी गेली, बापाची बाही धरली आणि त्याला आणून खुर्चीत बसवलं. ताईनं डोळा झाकायचं झाकण पुढे केलं, पण पोरीनं आपला तळहातच त्याच्या डाव्या डोळ्यावर ठेवला.

"वरून वाचा, बाबा."

त्यांनी पहिलं मोठं अक्षर वाचलं. दुसरी ओळ वाचली. तिसरीला आवाज जरा हळू झाला. चौथीला आले आणि थांबले, मान थोडी कलती केली.

"अंदाजानं नाही सांगायचं," पोरगी म्हणाली. "दिसतं तेवढंच सांगा."